एडीएचडीची गोळी सुरू झाली, आता पुढचं काय? गोव्यातल्या आईबाबांसाठी

आमचा मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही आणि स्वस्थ बसवत नाही. गोळी सुरू होऊन आता अडीच वर्षं झाली. द्यायची की नाही यावर आमच्या घरात चार महिने काथ्याकूट चालला, आजी नको म्हणायची, त्याचे बाबा थोडं थांबूया म्हणायचे, मी रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसायचे, आणि एकदाची सुरू केली तेव्हा वाटलं सुटलो. पण औषध आणायचं कुठून, वजन कधी बघायचं, शाळेत सांगायचं काय, डोस राहिला तर काय, हे सगळं पुढे चुकत चुकतच शिकलो. आता डिचोलीतल्या आमच्या ओळखीतले तीन-चार आईबाबा नव्याने यात आलेत आणि सगळे मला तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढते. कुठलं औषध आणि किती डोस हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, त्यात मी पडणार नाही. मी लिहितेय ते घरच्यांच्या वाट्याला येणाऱ्या कामाबद्दल.

सगळ्यात आधी वही

शंभर पानी साधी वही आणा, अॅप वगैरे नको, कारण वही आजीपण लिहू शकते. रोज एक ओळ. गोळी किती वाजता, डब्यातलं किती खाल्लं, चिडचिड कधी झाली, झोप किती वाजता लागली, आणि शाळेतून काही निरोप असेल तर तो. बस एवढंच, निबंध नको, नाहीतर आठवड्यात कंटाळा येतो.

वहीवर मी एवढा जोर का देते ते सांगते. डॉक्टर मुलाला बघतात दहा-पंधरा मिनिटं, त्यातही नवीन जागा, समोर नवीन माणूस, त्यामुळे आमचा तर तिथे अगदी शहाण्यासारखा हाताची घडी घालून बसायचा, आणि 'कसा आहे आता?' विचारलं की आपण म्हणतो 'बरा आहे' किंवा 'काही फरक नाही', म्हणजे गेल्या दोन दिवसात जे झालं तेच. वहीतलं आमचं एक पान असं होतं:

सोमवार. गोळी 7.20. डबा अर्धा परत. 5.15 ला भावाची पट्टी मोडली, रडला. झोप 10.40.
मंगळवार. गोळी 7.30. डबा सगळा परत. 5.30 ला गृहपाठावरून आरडाओरडा. झोप 10.30.
बुधवार. गोळी 7.20. भात खाल्ला, भाजी नाही. 5 वाजता दार आपटलं. झोप 11.

डॉक्टरांनी तीन आठवड्यांची पानं उलटली आणि जिथे जिथे चिडचिड लिहिलेली तिथे पेन्सिलने गोल काढत गेल्या. सगळे गोल पाच ते सहाच्या मधे. तोपर्यंत आम्ही समजत होतो की शाळेतून दमून येतो म्हणून असं होतं, किंवा औषधाने स्वभाव बिघडला. त्या म्हणाल्या, गोळीचा असर उतरतो त्या वेळेला काही मुलांना असं होतं, याला रिबाऊंड म्हणतात. मग त्यांनी गोळी बदलून दिली आणि साडेचार वाजता काहीतरी खायला द्यायला सांगितलं. चार दिवसात संध्याकाळ शांत झाली असं नाही, पण महिनाभरात झाली.

आपल्या मुलाला कुठलं औषध आहे ते नीट समजून घ्या

नुसतं 'एडीएचडीची गोळी' म्हणू नका, नाव पाठ करा, कारण दोन जातींची औषधं आहेत आणि दोन्हीचे नियम वेगळे.

मिथाइलफेनिडेट हे सगळ्यात जास्त दिलं जातं. साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागू पडते आणि साधारण 3 ते 4 तास टिकते, हळूहळू सुटणारी जी असते ती 8 ते 12 तास. सुरुवात अगदी छोट्या डोसने, बहुतेक वेळा 5 मिलिग्रॅमने, करतात आणि मग आठवड्या-आठवड्याने वाढवत योग्य ठिकाणी थांबतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही म्हणून निराश होऊ नका, आणि शेजारच्या मुलाला 20 आहे मग आपल्याला 10 च का असंही विचारत बसू नका, प्रत्येक मुलाचं वेगळं.

दुसरं अॅटोमॉक्सेटिन. हे रोज द्यायचं, रविवारीपण, आणि नीट असर दिसायला 4 ते 6 आठवडे तरी लागतात, कधी जास्तच. इथे बरेच आईबाबा दोन आठवड्यात 'काय उपयोग नाही' म्हणून बंद करतात. याची कॅप्सूल उघडायची नाही, आतली पावडर डोळ्यात गेली तर त्रास होतो. काही मुलांना क्लोनिडिन देतात, ते तर मनाने अचानक बंद करायचंच नाही, बीपी एकदम चढू शकतं.

हळूहळू सुटणारी गोळी चावायची नाही, चेचायची नाही. आमच्या आजीने एकदा मायेने मधात चेचून दिली, कारण तो गिळायला कुरकुर करत होता. सगळं औषध एकदम सुटलं. दहा वाजता शाळेतून फोन, छाती धडधडते म्हणतोय. डॉक्टरांना लगेच फोन केला, त्यांनी सांगितलं तसं घरी आणून दिवसभर नजरेखाली ठेवला, संध्याकाळपर्यंत निवळलं, पण रात्री एक वाजेपर्यंत टक्क जागा. आजी बिचारी उशाशी बसून होती. तेव्हापासून गोळी कशी द्यायची ते आम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. घरात जो जो गोळी देतो त्या प्रत्येकाला हे बसवून सांगा. आणि गिळता येत नसेल तर तेही डॉक्टरांनाच सांगा, मार्ग असतात.

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर बहुतेक ठिकाणी आधी औषध नाही, आधी आईबाबांना वागणूक हाताळायचं ट्रेनिंग देतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

औषध मिळवणं, गोव्यातली खरी डोकेदुखी

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्स मधे येतं. म्हणजे ते विकायला फार्मसीकडे वेगळं लायसन्स लागतं, कुलपात ठेवावं लागतं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतीत लागते, त्यातली एक दुकानदार ठेवून घेतो आणि दोन वर्षं जपतो. एका चिठ्ठीवर एकदाच मिळतं, पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर. म्हणून गल्लीतल्या फार्मसीत ते नसतं, यात त्या माणसाचा काही दोष नाही, आणि तो तुमच्याकडे संशयाने बघतोय असं वाटून घेऊ नका. अॅटोमॉक्सेटिनला एवढं झंझट नाही, तेही चिठ्ठीवरच मिळतं पण शेड्यूल एक्स मधे नाही.

आमची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, यातच गेली. चवथीच्या आदल्या दिवशी सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी निघायचं होतं, बॅग भरताना बघते तर पाकिटात एकच गोळी. पहिल्या दुकानात 'बाय, हें वखद हांगा मेळना'. दुसऱ्याकडे लायसन्स होतं, माल नव्हता. तिसऱ्याकडे माल होता पण माझ्याकडे चिठ्ठीची एकच प्रत, आणि त्याने नियमाप्रमाणे नाही म्हटलं. डॉक्टर सुट्टीवर. गेलो तसेच. दुसऱ्या दिवशी भरल्या घरात, आरतीच्या आधी, याने स्टुलावर चढून गणपतीच्या वर फळं बांधतात त्या माटोळीचा दांडा ओढला, तोरिंगणं आणि सुपारीचे घोस धडाधड खाली, पाहुणे ओरडले, आणि तो माझ्या पदराला धरून एकच म्हणत राहिला, 'आई, मी मुद्दाम नाही केलं गं'. मला ते अजून आठवतं. चूक त्याची नव्हती, गोळ्या मोजायचं काम माझं होतं.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मिथाइलफेनिडेट चार-पाच दिवस चुकलं म्हणून शरीराला धोका नसतो, पण मुलाचे हाल होतात. तेव्हापासून आमचे नियम असे. दहा गोळ्या उरल्या की त्याच दिवशी डॉक्टरांकडे चिठ्ठीसाठी. चिठ्ठी हातात आली की तिथेच बघायचं, दोन प्रती आहेत ना, तारीख, सही, मुलाचं नाव, वय, मिलिग्रॅम, किती दिवसांच्या, सगळं आहे ना. एकच फार्मसी पकडायची, त्यांचा नंबर घ्यायचा, निघण्याआधी फोन करून माल आहे का विचारायचं, डिचोलीहून पणजीला किंवा म्हापशाला कदंब बसने जाऊन रिकाम्या हाताने परत यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. चवथ, दिवाळी, नाताळ यांच्या आधी दोन आठवडे मुद्दाम मोजायच्या. ऑनलाइन मागवायच्या फंदात पडू नका, आणि कोणाच्या मुलाच्या उरलेल्या गोळ्या उसन्या तर अजिबात घेऊ नका.

घरी गोळ्या कुलपात. एक तर धाकटा भाऊ आहे, दुसरं म्हणजे ह्या औषधाचा गैरवापर होतो. आणि आपल्याकडचा पावसाळा माहितीच आहे, गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरून ठेवू नका, ओल धरते.

आखातात कोणी घरचं असेल आणि मुलाला सुट्टीत तिकडे न्यायचं असेल तर तिकीट काढायच्या आधीच औषधाचं बघा. दुबई-अबुधाबीला असल्या नियंत्रित औषधांसाठी आधी त्यांच्या सरकारची परवानगी काढावी लागते, बॅगेत टाकून चाललं असं होत नाही.

रोजची सकाळ आणि जेवण

भूक मरणं हा सगळ्यात जास्त दिसणारा त्रास. म्हणून आधी खाणं, मग गोळी. आमच्याकडे सात वाजता तुपाची धार घातलेली पेज आणि उकडलेलं अंडं, कधी उंडो आणि पातळ भाजी, आणि सव्वासात-साडेसातला गोळी. दुपारचा डबा परत येतो हे मान्य करून टाका, त्यावरून रोज भांडू नका, मी वर्षभर भांडले आणि काही मिळालं नाही. संध्याकाळी असर उतरला की भूक लागते, तेव्हा खरं जेवण द्यायचं, आणि रात्री झोपायच्या आधी परत काहीतरी, दूध आणि मयडेचं केळं, शेंगदाण्याचा लाडू, जे आवडेल ते. चहा कमी, कोला आणि एनर्जी ड्रिंक बंद.

गोळी विसरली आणि सकाळीच आठवलं तर द्या. हळूहळू सुटणारी असेल आणि दुपार झाली असेल तर त्या दिवशी सोडून द्या, नाहीतर रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी दोन एकदम कधीच नाही.

सर्दी-खोकल्याला दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर हे औषध चालू आहे असं पहिल्या वाक्यात सांगा, कारण सर्दीच्या काही सिरपमधे नाडी आणि बीपी वाढवणारं औषध असतं. गावठी औषध, काढे, ताकदीचे टॉनिक, तेही लपवू नका.

वजन, उंची, नाडी, बीपी

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने 2018 साली जे ठरवून दिलंय ते लक्षात ठेवायला सोपं आहे: दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांचं वजन दर 3 महिन्यांनी, उंची दर 6 महिन्यांनी, नाडी आणि बीपी डोस बदलायच्या आधी आणि नंतर, शिवाय दर 6 महिन्यांनी. वजन त्याच काट्यावर, सकाळी, चपला काढून. उंची आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मारतो, तारखेसकट. बीपी मात्र लहान मुलांच्या पट्ट्यानेच घ्यायला सांगा, मोठ्यांचा पट्टा लावला तर आकडा चुकतो. नुसते आकडे बघून कळत नाही, म्हणून डॉक्टरांना ते आयएपीच्या, म्हणजे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, 2015 च्या ग्रोथ चार्टवर टिपायला सांगा, तिथे रेष खाली वळते का ते दिसतं. आमच्या मुलाचं वजन पहिल्या पाच महिन्यात वाढलंच नाही, मग डॉक्टरांनी मे महिन्याच्या सुट्टीत काही दिवस गोळी थांबवून बघितली आणि त्याने आंबे आणि मासळी अशी काही खाल्ली की बघत राहावं. ही सुट्टी डॉक्टरांनी दिलेली होती, मनाने घेतलेली नाही. अॅटोमॉक्सेटिन आणि क्लोनिडिनला अशी सुट्टी नसते.

घरात कोणाला तरुणपणी हार्टचा त्रास झाला असेल, कोणी अचानक गेलं असेल, मूल खेळताना चक्कर येऊन पडलं असेल, तर ते गोळी सुरू व्हायच्या आधीच सांगायचं, राहिलं असेल तर आज सांगा. अशा वेळी ईसीजी काढतात.

शाळा

सगळ्या शाळेला सांगायची गरज नाही. वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापक पुरे. जमलं तर दिवसभर टिकणारी गोळी मागा, म्हणजे शाळेत गोळी द्यायचा प्रश्न राहत नाही आणि बाकीची मुलं 'गोळीवाला' म्हणत नाहीत. टीचरकडून दर तपासणीच्या आधी वँडरबिल्टचा फॉर्म, म्हणजे एडीएचडीच्या लक्षणांची प्रश्नावली, भरून घ्या, त्यात शिक्षकांसाठी 43 प्रश्न असतात, वीस मिनिटांचं काम. नाही जमलं तर निदान दोन ओळी लिहून द्यायला सांगा, दुपारच्या आधी कसा, दुपारनंतर कसा. माझ्या अनुभवाने टीचरला आधी 'तुम्हाला त्याच्यामुळे त्रास होतो हे मला माहीत आहे' एवढं मनापासून म्हटलं की पुढचं सगळं सोपं होतं.

अजून एक. 2016 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात एडीएचडीचं वेगळं नाव नाही, पण शिकण्यातली अक्षमता, म्हणजे एसएलडी, आहे, आणि एडीएचडीच्या बऱ्याच मुलांना दोन्ही असतं. गोळीने लक्ष सुधारलं आणि तरी वाचन-लेखन अडतंच असेल तर त्याची तपासणी करून घ्या, दहावीपर्यंत थांबू नका, परीक्षेतल्या सवलतींसाठी कागद लागतात आणि कागदाला वेळ लागतो.

तपासणीला कुठे आणि काय घेऊन

बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहे आणि तिथेच आयपीएचबी, म्हणजे मनोविकार संस्था. नावाला घाबरू नका, ओपीडीत आपल्यासारखीच माणसं असतात, मुलं असतात. 1996 पासून गोव्यात काम करणारी संगात ही संस्थासुद्धा मुलांच्या विकासाचं आणि मानसिक आरोग्याचं काम करते. खाजगी डॉक्टर असतील तर बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी दाखवत चला. रात्री-अपरात्री आपलाच धीर सुटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, आईबाबांनीपण करायला हरकत नाही.

सुरुवातीला डोस बसेपर्यंत दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बोलणं होतं, मग महिन्याने, सगळं बसलं की तीन महिन्यांनी. निघतानाच पुढची तारीख घ्या. पिशवीत वही, जुन्या चिठ्ठ्या, शाळेचा कागद, उरलेल्या गोळ्यांचा आकडा, आणि तीन प्रश्न लिहिलेले. मुलाला भूक लागेल म्हणून खाऊ, आणि चित्रकलेची वही, रांग मोठी असते. वर्षातून एकदा तरी सरळ विचारा, 'ही गोळी अजून लागते का?' डॉक्टरांना राग येत नाही, वर्षाला एकदा हा आढावा व्हायलाच हवा. आणि वागणुकीची थेरपी गोळी लागू पडली म्हणून सोडू नका, गोळीने तो जागेवर बसतो पण दप्तर भरायची सवय गोळी लावत नाही.

लगेच डॉक्टर गाठायचा तो कधी

छातीत दुखलं, खेळताना चक्कर येऊन पडला, नसलेलं दिसतं किंवा ऐकू येतं म्हणाला, मरायच्या गोष्टी करायला लागला (अॅटोमॉक्सेटिनवर तर याकडे खास लक्ष द्यायचं), डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली, मुलग्यांमधे लिंग ताठरून बराच वेळ दुखत राहिलं. हे शेवटचं मुलं लाजेने सांगत नाहीत, म्हणून आधीच साध्या शब्दात सांगून ठेवा की असं झालं तर आईला नाहीतर बाबांना लगेच सांगायचं. बेशुद्ध पडला किंवा श्वासाला त्रास झाला तर 108. मान उडवणं, डोळे मिचकावणं असं नवीन काही सुरू झालं, किंवा मूल अगदी गप्प गप्प, आपलं वाटेनासं झालं, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता फोन करा, कधी कधी डोस जास्त झालेला असतो.

मुलाला काय सांगायचं

खरं सांगायचं. 'व्हिटॅमिनची गोळी आहे' असं आम्ही पहिले दोन महिने सांगितलं आणि मग त्याने पाकिटावरचं नाव स्वतः वाचलं, तेव्हा माझी मान खाली गेली. आता त्याला माहीत आहे. 'आज गोळी घेतली नाहीस वाटतं' हे वाक्य मात्र घरात कोणीच बोलायचं नाही असं ठरवलंय, काकांनापण तसं सांगून ठेवलंय, कारण दंगा तर त्याचा भाऊपण करतो.

तपासणीला एक प्रश्न त्याचापण असतो. मागच्या वेळी त्याने विचारलं, 'डॉक्टर, मोठा झाल्यावरपण घ्यायची का ही?' त्यांनी माझ्याकडे न बघता त्यालाच उत्तर दिलं, काही जणांना लागते, काही जणांना लागत नाही, आपण दर वर्षी बघूया. घरी येऊन त्याने वहीत त्या दिवसाच्या ओळीखाली ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं, तारीख घालून.